बनू कुणाशी बोलते

नाथाजीच्या गिरणीत पाऊल टाकलं की माणूस बोलायचं सोडून द्यायचा. बोलून उपयोगच नव्हता. आत डिझेलचं दांडगं इंजिन धडधडायचं, त्याचा पट्टा फटफटत दगड फिरवायचा, आणि छपरातून वर काढलेल्या धुराड्याच्या तोंडाला नाथाजीनं पत्र्याचा डबा असा काही अडकवला होता की गिरणी चालू झाल्याचं ‘कुक्-कुक्’ ओढ्यापलीकडच्या वस्तीलाही कळावं. कडेगावाकडची सगळीच गावं तेव्हा अशी कुक्-कुक् ऐकून डबा डोक्यावर घेत. ही एकोणीसशे शहात्तर सालची गोष्ट. वीज गावात आली होती, पण ती खांबावरून खाली उतरायला तयार नव्हती.

तर गिरणीत बोलणं चालायचं ते हातानं. अंगठ्यावर बोट घासलं की बारीक दळा. पाची बोटं एकत्र करून उघडली की जाड. दोन तळवे थापटले की भाकरीची ज्वारी, हाताच्या मुठी पुढं-मागं केल्या की चपातीचा गहू. आणि एका पालथ्या पंजावर दुसरा पंजा ठेवून भुवया उडवल्या की ‘माझ्या आधी दगडावर काय पडलं होतं?’ हा प्रश्न फार नाजूक. हरभऱ्याच्या डाळीवर कुणाचा गहू पडला तर ती बाई पुढचे आठ दिवस नाथाजीचं नाव गावभर दळत फिरायची.

नाथाजीची एकुलती एक पोरगी बनू ह्या भाषेत पंडित होती. वय पावणेचार वर्षं. दाराशी रिकाम्या पोत्यावर बसून ती डबे ओळीनं लावायची, कुणाला बारीक, कुणाला जाड, हे हातानं विचारायची आणि हातानंच बापाला सांगायची. चूक कधी नाही. बायका गोंगाटात एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायच्या, ते बघून तीही ओठ हलवायची, मान उडवायची, मध्येच डोळे मोठे करायची. बायका कौतुकानं तिच्या गालाला पीठ लावायच्या. नाथाजी इंजिनाजवळून तिच्या हलत्या ओठांकडं बघायचा, हसायचा आणि म्हणायचा, “बरं बरं.”

आता नाथाजीची एक गोष्ट सांगायला हवी, जी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. नाथाजीला ऐकू येत नव्हतं.

ठार बहिरा नव्हे. पंधरा वर्षं तोफखान्यात काढली होती. डाव्या कानात चोवीस तास रातकिडा ओरडायचा आणि उजव्यात कुणीतरी कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. समोरचा माणूस उजेडात तोंड करून सावकाश बोलला तर ओठांवरून जमायचं. पाठमोरा बोलला तर संपलंच. फौजेतून सुटताना डॉक्टरनं विचारलं तेव्हा तो ‘ठीक है साब’ म्हणाला, कारण घरी जायची घाई होती आणि बहिरा म्हणून जायचं नव्हतं. गावी येऊन त्यानं गिरणी टाकली. लोक म्हणाले, फौजी धंद्यात हुशार निघाला. खरं कारण एवढंच की सगळ्या पंचक्रोशीत गिरणी ही एकच जागा होती जिथं कुणालाच ऐकू येत नाही. तिथं तो चारचौघांसारखा होता. इंजिनाचं दुखणंखुपणं दुसरे गिरणीवाले कानानं ओळखत, हा तळहात टेकवून ओळखायचा.

घर गिरणीला लागूनच होतं. इंजिन बंद करून घरात आला की त्याची पंचाईत सुरू व्हायची. म्हणून तो घरात थोडकंच बोलायचा. शालूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, काही विचारलं की ‘हं’ म्हणायचा. ते ‘हं’ कधी बरोबर पडायचं, कधी चुकायचं. चुकलं की शालूबाई गप्प व्हायची आणि तोही सुटल्यासारखा गप्प व्हायचा.

पोरगी बोलताना ऐकू येत नाही ह्याचं त्याला नवल वाटत नव्हतं. धडधाकट माणसाचं बोलणं पोचत नाही तिथं त्या चिमणीएवढ्या गळ्यातलं काय पोचणार? ती आईशी बोलत असणार, दिवसभर चिवचिवत असणार, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. त्याला वाईट एवढंच वाटायचं की लेक एवढं काय काय सांगते आणि आपण ‘बरं बरं’ म्हणून तिला फसवतो. ते वाईट वाटणं तो रोज सकाळी इंजिनाचं हँडल मारताना विसरून जायचा.

काही गोष्टी मात्र त्याला चमत्कारिक वाटत होत्या. शालूबाई हल्ली रोज मधात वेखंड उगाळून पोरीच्या जिभेला चोळायची. त्याला वाटलं, खोकला असेल. मग एकदा शेजारची राहीबाई परसात येऊन शालूबाईशी बराच वेळ बोलली. बोलताना दोघी पुन्हा पुन्हा बनूकडं बघत होत्या. नाथाजीला ओसरीवरून नुसते पदर आणि हात दिसले. काय चाललंय म्हणून विचारावं, तर उत्तर ऐकू यायला पाहिजे. तो उठून गिरणीत गेला. दुसऱ्या दिवशी घरात एक पेरू दिसला. पोपटानं टोचून टोचून अर्धा खाल्लेला. असलं उष्टं फळ पोरीच्या हातात बघून त्यानं ते घेतलं, उकिरड्यावर टाकलं आणि बाजारातून चांगले चार पेरू आणले. शालूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं देव्हाऱ्यातला देव उचलून फेकला. राघूनं टोचलेला पेरू खाल्ला की पोरांना वाचा फुटते, हे राहीबाईनं सांगितलं होतं आणि तो पेरू मिळवायला शालूबाई दोन मळे फिरली होती. हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलंही असेल कदाचित, पाठमोरं.

दिवाळी होऊन गेल्यावर बालवाडीच्या सुलाबाई घरी आल्या. मारुतीच्या देवळात त्यांची बालवाडी भरायची. बनूला शालूबाईनं आठ दिवस तिथं पाठवलं होतं. दुपारची वेळ, इंजिन बंद. सुलाबाई ओसरीवर बसल्या त्या नेमक्या उजेडाकडं तोंड करून, म्हणून नाथाजीलाही बसायला धीर आला. बाईंनी विचारलं, बनू घरात काय काय बोलते?

“लय बोलती,” नाथाजी म्हणाला. “पर ते तिच्या आईला इचारा. आईसंगं दिसभर चालू असतंय तिचं.”

शालूबाई चहाच्या कपबश्या घेऊन उंबऱ्यात आली होती, ती तिथंच थांबली. ती काय म्हणाली हे नाथाजीला नीट कळलं नाही, पण तिचा चेहरा उतरलेला दिसला. सुलाबाईंनी तेच वाक्य सावकाश परत म्हटलं, जणू त्यांनाही ते पटवून घ्यायचं होतं. “वहिनी म्हणतात, त्यांच्याशी ती एक अक्षर बोलत नाही. तिचं सगळं बोलणं तुमच्याशी.”

“व्हय की,” शालूबाई पुढं येऊन म्हणाली. “मी गिरणीच्या दारातनं बगती न्हवं रोज? ती तोंड हलवती, तुमी हसतायसा, बरं बरं म्हंतायसा. माज्याजवळ आली की हात धरून वडती, बोट दावती, आं आं करती. मला वाटलं, बापाचं येड हाय पोरीला, माज्यासंगं बोलायचं न्हाई तिला. काय बोलती ती तुमच्यासंगं?”

इथं नाथाजीला खरं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण समोर परकी बाई, हातात चहाचा कप, आणि चार वर्षांची सवय. “असंच आपलं,” तो म्हणाला, “पोरांचं असतंय तसं.”

सुलाबाईंनी पिशवीतून एक लाकडी बाहुली काढून बनूपुढं धरली आणि हे काय म्हणून विचारलं. बनूनं बाहुली मांडीवर घेतली, थोपटली, डोळे मिटून झोपल्याचं दाखवलं. नंतर बाईंच्या पिशवीकडं बोट केलं आणि भुवया उडवल्या, आत आणखी काय आहे? सगळं समजत होतं. आवाज नव्हता. त्या शांत दुपारी तिघांनी एकाच पोरीकडं बघितलं आणि पहिल्यांदाच तिघांनाही तीच गोष्ट दिसली.

सुलाबाई समजावून सांगत होत्या. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडतं, ‘आई पाणी दे’ एवढं तरी म्हणतं, आणि परक्या माणसालाही त्यातलं बरंचसं कळतं. बनू चौथ्यात आली आणि एक शब्द नाही. बालवाडीतली पोरं गाणं म्हणतात तेव्हा ही नुसते ओठ हलवते. हुशार आहे, सगळं निभावून नेते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. काही मुलं उशिरा बोलतात हे खरं, पण बोलेल तेव्हा बोलेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. आधी कान बघून घ्या. मिरजेला एका दवाखान्यात दर गुरुवारी एक बाई असतात, त्या पोरांना बोलायला शिकवतात.

“बोलाय शिकवत्यात?” शालूबाईनं विचारलं. बोलणं हेही शिकवायचं असतं हे तिला खरं वाटेना. नाथाजी त्यातला एकच शब्द धरून बसला होता. कान.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात नुसता कालवा झाला. पोरीला ऐकू येत नाही. मग ते आलं कुठून? त्याच्याकडूनच आलं असणार. नाक त्याचं, कपाळ त्याचं, तसे कानही त्याचेच घेऊन आली. दुसरं मन म्हणायचं, पण मी जन्मतः कुठं बहिरा होतो? मला तर तोफेनं केलं. मग पहिलं मन म्हणायचं, पोरगी झाली तेव्हा तर तू बहिराच होतास. हे कुणाला विचारायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागणार.

त्यानं आपल्या परीनं तपासायचं ठरवलं. इंजिन बंद असताना बनू पीठ चाळत बसली होती. त्यानं मागून मोठा पाना फरशीवर टाकला. पोरगी वळली. त्याचा जीव भांड्यात पडतोय तोच लक्षात आलं, की पाना पडल्याचं आपल्यालाही कळलं, ते तळपायाला. मग तिलाही पायालाच कळलं असेल. त्यानं लांबून हाक मारली, बनू वळली नाही. पुन्हा मारली, वळली. पण तेवढ्यात त्याची सावली तिच्या चाळणीवर पडली होती. टाळी वाजवली तर ती वळली नाही, पण त्या वेळी तिच्या हातात गूळ होता आणि गूळ हातात असताना ती एरवीही कुणाकडं बघत नसे. दोन दिवसांनी त्याला शालूबाई न्हाणीच्या आडून परात वाजवताना दिसली. तीही तपासत होती. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही कामाला निघून गेली.

मिरजेला जायचं तो आज-उद्या करत राहिला. तिथं डॉक्टर असणार, डॉक्टरपुढं चार माणसं असणार, आणि आपलं पितळ उघडं पडणार. बहिरा नाथाजी म्हणून गाव हाक मारणार, तीसुद्धा आपल्याला ऐकू येणार नाही. असे दोन गुरुवार गेले.

मग एक दिवस गिरणी भरात असताना बनू त्याच्यासमोर आली. तिचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते. पट्टा घसरू नये म्हणून तो त्याला राळ लावत होता. तिच्याकडं बघून त्यानं हसून मान डोलवली. “बरं बरं,” म्हणाला आणि पुन्हा पट्ट्याकडं वळला. जरा वेळानं कुणीतरी त्याचा दंड धरून हलवला. ती राहीबाई होती. तिनं बनूचा हात वर धरला होता. मोठ्या डब्याच्या झाकणात पोरीचं बोट चेंगरून काळंनिळं झालं होतं आणि गालांवरच्या पिठातून पाण्याचे दोन ओघळ उतरले होते. ती रडत होती. ती त्याला सांगायला आली होती, आणि तो बरं बरं म्हणाला होता.

नाथाजीनं भर गर्दीत इंजिन बंद केलं. गुरुवारी गिरणीच्या दारावर खडूनं ‘आज बंद’ लिहिलं आणि तिघं पहिल्या गाडीनं निघाली. विटा, तासगाव, सांगली, मिरज. गाडीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. शालूबाई वाटेत दोनदा काहीतरी म्हणाली. त्यानं दोन्ही वेळा ‘हं’ म्हटलं. दुसऱ्या वेळी तिनं तोंड फिरवलं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. खोली लहान, खिडक्या बंद. टेबलावर लाकडी बैल, गाडी, रंगीत मणी. कानाच्या डॉक्टरनं आधी बत्ती लावून बनूचे कान बघितले होते, आत काही खोट नव्हती. आता ऐकू येतं का ते बघायचं होतं. बाईंनी सांगितलं, वडलांनी मुलीला मांडीवर घेऊन बसा, तिला मण्यांशी खेळू द्या. शालूबाईला टेबलाच्या पलीकडं बसवलं. बाईंची मदतनीस पोरगी दाराजवळ, नाथाजीच्या पाठीमागं कुठंतरी उभी होती. ती घंटी वाजवणार हे बाईंनी त्याला तोंडासमोर तोंड आणून सांगितलं, म्हणून त्याला कळलं.

नाथाजी पोरीला घेऊन ताठ बसला. परेडला बसावं तसा. त्याच्या मनात एकच होतं, देवा, पोरीला वळू दे. बनूनं दोन मणी ओवले आणि मध्येच मांडीवर वळवळली. त्यानं तिला सरळ केलं. असल्या महत्त्वाच्या वेळी पोरगी चुळबुळ करते म्हणून त्याला तिचा रागही आला. जरा वेळानं ती दुसऱ्या बाजूला वळली. त्यानं पुन्हा तिचे खांदे धरून तिला टेबलाकडं केलं आणि कानाशी लागून ‘गप बस’ म्हणाला. तिसऱ्यांदा तर ती त्याच्या खांद्यावरून मागं चढायलाच लागली. त्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं आणि बाईंना म्हणाला,

“बाई, वाजवा की आता. मी धरलीया तिला. हलणार न्हाई.”

बाई त्याच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी शालूबाईकडं बघितलं. शालूबाई टेबलाच्या पलीकडून नवऱ्याकडं असं बघत होती, की जणू एखादा ओळखीचा माणूस दुसऱ्याच गावात अचानक भेटावा.

“तीनदा वाजवली,” बाई सावकाश म्हणाल्या. “ती तिन्ही वेळा वळली. तुम्हीच तिला परत फिरवत होता.”

नाथाजीला आधी एवढंच कळलं की पोरगी वळली. तिला ऐकू येतं. त्याला एवढा आनंद झाला की दुसरी गोष्ट कळायला जरा वेळ लागला. मग त्याच्या हातांची पकड सुटली आणि बनू उतरून थेट घंटीवाल्या पोरीकडं गेली. ती किती वेळ तिकडंच जायला बघत होती.

बाईंनी मग त्याचीही तपासणी केली, ती शालूबाईसमोरच. त्यानं नाही म्हटलं नाही. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. शेवटी त्यानं मनात घोळत असलेलं विचारून टाकलं, माझं पोरीत उतरलं नाही ना?

“तोफेनं गेलेला कान लेकीत उतरत नाही,” बाई म्हणाल्या.

मग ती बोलत का नाही, असं शालूबाईनं विचारलं, तर बाई म्हणाल्या की ते आज नक्की सांगता येत नाही. काही मुलांचं बोलणं उशिरा येतं, काहींना मदत लागते, कारण एकच असतं असंही नाही. गिरणीचा गोंगाट, घरात बोलणं कमी, ह्यांचा हातभार असेल, नसेलही. नाथाजीला वाटलं होतं, मिरजेला गेलं की एक काय ते उत्तर मिळेल. उत्तर मिळालं ते असं, अर्धं. कामं मात्र पुष्कळ मिळाली. इंजिन चालू असताना पोरीला गिरणीत ठेवायचं नाही, तिचे कान तरी शाबूत राहू देत. दर गुरुवारी आणायचं. तिच्यासमोर बसून, तिला तोंड दिसेल असं, लहान लहान बोलायचं. हातानं बोलते ते बंद करायचं का, असं शालूबाईनं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, अजिबात नाही. तिला बोलायचं आहे म्हणून तर हात चालतात. तिनं खूण केली की तिच्याबरोबर तो शब्द म्हणा. आणि नाथाजीकडं वळून, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, “कळल्याचं सोंग करू नका. कळलं नाही तर विचारा.”

सांगलीच्या स्टँडवर गाडीला अवकाश होता. बनू शेंगा खात बसली. शालूबाई आपली जागा सोडून उठली आणि त्याच्या उजव्या बाजूला, त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडं, येऊन बसली. मग तोंड त्याच्याकडं करून म्हणाली, “कवापासनं?”

“तोफखान्यापासनं.”

“म्हंजी बनूच्या आदीपासनं.” तिनं पदर डोळ्याला लावला, मग काढला, कारण पदराआडचं बोलणं त्याला दिसणार नाही हे तिला आत्ताच कळलं होतं. “आवं, मला वाटायचं, तुमी माज्यावर नाराज हायसा. मी एक इचारती, तुमी भलतंच हं म्हंतायसा. मला वाटलं, ह्यास्नी मी नकोशी झालीया. चार वर्सं मी बोलायचंच कमी केलं.”

नाथाजीला लाज बहिरेपणाची वाटत आली होती. आता ती दुसऱ्याच गोष्टीची वाटायला लागली. बायको गप्प झाली आणि आपण सुटलो असं त्याला वाटत होतं, आणि त्या गप्प घरात पोरगी बोलायला शिकणार होती. त्यानं पुडीतली एक शेंग सोलून दाणे शालूबाईच्या हातावर ठेवले. ते फार काही नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

पुढं गुरुवारमागून गुरुवार गेले. गिरणी गुरुवारी बंद म्हणून गाव कुरकुरलं आणि मग बुधवारी दळायला शिकलं. घरात दोघांची तारांबळच होती. नाथाजी पोरीसमोर उकिडवा बसून एकेका डब्यात बोट घालायचा आणि म्हणायचा, गहू. ज्वारी. जाड. बारीक. आपला आवाज केवढा लागतोय हे त्याला कळत नसे, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्या पोरांना जाड आणि बारीक पाठ झालं, बनूला सोडून. शालूबाई म्हणायची की पोरगी आता न्हाणीत ‘बा बा’ करते, मांजराला ‘या’ म्हणते. नाथाजी त्यावर विश्वास ठेवायचा, पण त्याच्यासमोर ती अजून हातानंच बोलायची. बापाशी असंच बोलतात असं तिनं ठरवून टाकलं होतं बहुतेक. आपण करतोय ते बरोबर की चूक, पोरगी पुढं चाललीय की आहे तिथंच आहे, काही समजायला मार्ग नव्हता. राहीबाईनं अजूनही पेरूचं टुमणं सोडलं नव्हतं आणि शालूबाईनंही एखादा खिलवला असेल तर नाथाजीला तो दिसला नाही.

चैत्र संपत आला होता. दुपारी बाराच्या सुमाराला नाथाजीनं इंजिन बंद केलं. पायरीवर राहीबाई आणि आणखी तीन-चार बायका आपापले डबे बांधत बसल्या होत्या. घराच्या दारातून बनू आली. तिच्या दोन्ही हातांत पितळी ताट होतं आणि ताटात सकाळी दळलेल्या घरच्या पिठाचा ढीग. सांडू नये म्हणून ती जीभ दातांत धरून पाऊल पाऊल चालत होती. मागून शालूबाई येत होती. बनू बापासमोर येऊन उभी राहिली. तिनं हात उचलायला बघितलं, पण ताट कलंडायला लागलं. ठेवायला जागा नव्हती, भोवती सगळी तेलकट फरशी. तिनं ताट पोटाशी धरलं आणि तोंड उघडलं. ओठ हलले.

नाथाजीची मान सवयीनं खाली जायला लागली. ‘बरं’ जिभेवर आलं होतं. तो थांबला.

“काय म्हणाली?” त्यानं विचारलं. बायकांकडं बघून, मोठ्यानं, शालूबाईकडं बघून पुन्हा. “मला ऐकू येत न्हाई. काय म्हणाली ती?”

पायरीवरच्या बायकांचे हात डब्यांवरच थांबले. राहीबाईनं तोंडाला पदर लावला. शालूबाई त्याच्या उजव्या बाजूला आली, कानाशी वाकली, मग विचार बदलून समोर आली, त्याला ओठ दिसतील अशी.

“जाड,” ती म्हणाली. “पीठ जाड हाय म्हंती.”

नाथाजी फरशीवर गुडघे टेकून बसला. बाईंनी मिरजेला दाखवलं होतं तशी त्यानं दोन बोटं पोरीच्या गळ्याला लावली. “परत म्हण,” तो म्हणाला.

बनूच्या कपाळाला आठी पडली. एवढी साधी गोष्ट ह्या माणसांना दोनदा सांगावी लागते, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तिनं पुन्हा तेच म्हटलं, जरा जोरात. त्याला ऐकू आलं नाही. पण तिच्या गळ्यात काहीतरी थरथरलं आणि ते त्याच्या बोटांना कळलं, इंजिन पहिल्या हँडलला धरतं तेव्हा कळतं तसं. बोटं तिथंच ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं ताटातलं चिमूटभर पीठ घेतलं आणि अंगठ्यावर घासून बघितलं.

पीठ खरंच जाड आलं होतं.